बाई, मागं बघा

माझी नात पुण्यात शिकते. दिवाळीला जुन्नरला आली तेव्हा म्हणाली, "आजी, डिसेंबरात आम्ही सहा जण हरिश्चंद्रगडावर जाणार आहोत. मोबाईल पिशवीच्या तळाशी, बंद करून. वाट आमची आम्ही काढणार. तू शिकव."

मला इतका आनंद फार दिवसांनी झाला. या तालुक्यात मी तीस वर्षं भूगोल शिकवला. नाणेघाट, जीवधन, चावंड, हडसर, हरिश्चंद्रगड, सगळीकडे मुलांना घेऊन गेले. पण डोंगरात वाट कशी ओळखायची हे मला कुठल्या पुस्तकाने नव्हे, आमच्या शाळेच्या शिपाईमामांनी शिकवलं. मामा नाणेघाटाच्या माथ्यावरच्या एका वाडीतले, महादेव कोळी. लहानपणी वडिलांबरोबर घाट उतरून म्हशाच्या जत्रेला जायचे, ते पहाटे अंधारात निघून. त्यांच्याकडून मला मिळालेलं आणि पुढे माझ्या पायांनी पडताळलेलं जे काही आहे, ते चार दिवसांत नातीला सांगितलं. तिने ते वहीत उतरवून घेतलं. इतर घरांतल्या मुलांनाही उपयोगी पडेल म्हणून इथे लिहिते.

मामांबरोबर मी पहिल्यांदा चालले तेव्हा दर थोड्या वेळाने ते थांबायचे आणि म्हणायचे, "बाई, मागं बघा." मला वाटलं, देखावा बघायला सांगताहेत. तिसऱ्या वेळी त्यांनी मला एका उंबरापाशी उभं केलं. आम्ही खालून वर आलो होतो, तेव्हा त्या झाडाची दोन खोडं व्ही आकारात फाकलेली स्वच्छ दिसत होती, आणि वाट त्या खोडांच्या डाव्या बाजूने होती. दहा पावलं वर जाऊन वळलो. खोडं गायब. वरून दिसत होता तो नुसता पानांचा गोल, त्याच्या शेजारी तसेच आणखी तीन गोल, आणि खाली उतरणाऱ्या दोन वाटा. आत्ता, दोन मिनिटांपूर्वी, मी यातल्या एका वाटेने आले होते, आणि कुठली ते मला सांगता येईना.

तेव्हा पोरी, पहिला धडा हाच. परतीची वाट जातानाच गोळा करायची असते. प्रत्येक फाट्यावर थांब, पाठ फिरवून पूर्ण वळ, आणि परतताना हे ठिकाण कसं दिसणार आहे ते डोळे भरून बघ. मग त्या जागेला नाव दे आणि ते मोठ्याने म्हण. "फुटका कातळ." "तीन साबरी." "बैल बसलाय असा धोंडा." नाव दिलेली जागा विसरत नाही; बिननावाची पाच मिनिटांत पुसली जाते. मामांच्या रानात बिननावाची जागाच नव्हती. सहा जण आहात, तर पाळी लावा. एक तास एकाने नावं ठेवायची, संध्याकाळी त्यानेच ती उलट क्रमाने म्हणून दाखवायची. कुठे अडखळलात तर समजा की तेवढी वाट तुम्ही झोपेत चाललात.

आता आपला डोंगर कसा बांधलेला आहे ते समजून घे, कारण परदेशी पुस्तकांतले पुष्कळ सल्ले इथे चालत नाहीत, काही तर घात करतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला आणि आडव्या थरांनी थिजला. भूशास्त्रज्ञ त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात. ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला, आणि पायऱ्याच आहेत त्या. कठीण थराचा उभा कडा, त्याखाली झाडीचा पट्टा म्हणजे पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर. कुठल्याही पदरातून सरळ खाली सुटलीस की पुढचा कडा ठरलेला. उतरता येतं ते फक्त दोन प्रकारच्या जागांवरून: डोंगराची सोंड जिथे पायथ्यापर्यंत उतरत जाते तिथून, किंवा कडा फुटून नाळ झाली असेल तिथून. म्हणून मामा पदरात आले की खाली जायचा विचारच करायचे नाहीत, आडवे चालत राहायचे. सोंड किंवा नाळ सापडेपर्यंत आडवं. दमछाक होते, कंटाळा येतो, खालचं गाव अगदी हाकेच्या अंतरावर दिसतं. तरी आडवंच.

यावरूनच सगळ्यात मोठी ताकीद. "रस्ता चुकलात तर पाण्याबरोबर खाली जा, पाणी वस्तीला नेतं," असं सर्रास सांगतात. सपाट मुलखात ते खरं असेल. सह्याद्रीत पाणी कड्यावर नेतं. सप्टेंबरातली गोष्ट आहे. मी आणि माझी एक सहशिक्षिका हरिश्चंद्रगडावरून तोलार खिंडीकडे परतत होतो. ढग उतरले. टेपाडामागून टेपाड, सगळी एकसारखी, आणि वाट गवतात विरून गेलेली. एक ओढा लागला. पाणी कमी, तळ सपाट, चालायला रस्त्यापेक्षा बरा. मामांचं बोलणं मला पाठ होतं, पण थकलेल्या माणसाला सोपी वाट खरी वाटते. पंधरा-वीस मिनिटं उतरलो. मग तळाचा कातळ गुळगुळीत झाला, हिरवट शेवाळ आलं, दोन्ही बाजूंच्या दरडी जवळ आल्या, आणि पुढून एकदम गार वारा अंगावर आला. खालून वर येणारा वारा. मी मैत्रिणीचा हात धरून जागीच बसले. समोर सहा हातांवर ओढा संपला होता. एक खडा सोडला. तो कुठेही आपटल्याचा आवाज आम्हाला आला नाही.

आलो तसेच परत वर चढलो. पाऊण तास लागला, गुडघे सोलवटले. ज्या ठिकाणी वाट नक्की होती त्या धोंड्यापाशी जाऊन बसलो, आणि तासाभराने ढग हलले तेव्हा खाली डाव्या हाताला खिंड दिसली. दोनशे पावलांवर होती.

म्हणून ओढ्याच्या तळाचा कातळ गुळगुळीत व्हायला लागला, दरडी जवळ आल्या आणि समोरून वारा वर यायला लागला, की तिथेच वळायचं. पुढे वाकून बघायलाही जायचं नाही.

पाण्याचा उपयोग दिशा समजायला मात्र होतो. हरिश्चंद्रगड फार वेगळा आहे या बाबतीत. त्याच्या उत्तरेचं पाणी मंगळगंगेतून मुळेला, तिथून प्रवरेला आणि शेवटी गोदावरीला जातं. दक्षिणेचं पाणी पिंपळगाव जोग्याच्या धरणात, तिथून कुकडी, घोड, भीमा. आणि कोकणकड्यावरून पडणारं काळू नदीकडे, अरबी समुद्राला. तीन बाजू, तीन पाणलोट. वर उभं राहून हे एकदा मनात बसवलंस की धरणाचं पाणी दिसलं तरी दक्षिण कुठली ते कळतं, आणि ज्या बाजूला जमीन एकाएकी तुटून नुसतं धुकं उरतं ती पश्चिम. गडावर पोचल्यावर जेवणाच्या आधी हे करा: सगळ्यांनी डोळे मिटून धरणाकडे बोट दाखवायचं. मग डोळे उघडून बघायचं कोणाचं बोट कुठे आहे.

वाट आणि ढोरवाट यांतला फरक शिकायला मला दोन वर्षं लागली. ढोरवाटा भुलवतात, कारण त्या मळलेल्या असतात, कधी खऱ्या वाटेपेक्षा रुंद असतात. पायाकडे बघून फरक कळत नाही, डोक्याकडे बघून कळतो. माणसं डोक्यावर भारे घेऊन जातात, त्यामुळे त्यांच्या वाटेवरच्या आडव्या फांद्या डोक्याच्या उंचीवर कोयत्याने छाटलेल्या असतात, जुन्या छाटणीची टोकं काळी पडलेली दिसतात. गुरांच्या वाटेवर कंबरेपर्यंत मोकळं आणि वर कारवीचं छत. वाकून चालावं लागलं की शंका घे. ढोरवाट थोड्या अंतराने फाटे फोडते आणि चाऱ्यापाशी नाहीतर पाण्यापाशी संपते. माणसांची वाट कातळावरही कळते: शेकडो वर्षांच्या पायांनी दगडाचा काळा थर घासून फिकट पट्टा पडलेला असतो. उन्हाच्या तिरप्या उजेडात तो चमकतो. खोदीव पायऱ्या, पाण्याचं टाकं, शेंदूर फासलेला दगड, या जुन्या घाटवाटेच्या खात्रीच्या खुणा. खिंडीत देव असतोच. तोलार खिंडीत वाघाचं शिल्प आहे. नाणेघाटात तर सातवाहनांच्या काळातलं नागनिका राणीचं लेणं आणि जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण अजून उभा आहे. व्यापाऱ्यांची जनावरं जिथून गेली तिथला चढ माणसाला झेपेलच.

दगडांच्या लगोऱ्या आणि रंगवलेले बाण यांच्यावर मी फार विसंबत नाही. कोणी कुठे जाण्यासाठी काढलेत ते ठाऊक नसतं.

कारवीबद्दल एक वेगळं वाक्य. सात-आठ वर्षांनी ती फुलते तेव्हा डोंगर निळाजांभळा होतो, बघण्यासारखा असतो. पण पुरुषभर उंचीच्या कारवीत शिरलं की चार हातांपलीकडचं दिसत नाही, आणि सूर्य नसेल तर माणूस सरळ चालूच शकत नाही. 2009 साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी लोकांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगून हे तपासलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ते सरळ गेले, ढगांत तो झाकला गेला की गोल फिरायला लागले, आणि त्यांना मात्र आपण सरळच चाललोय असं वाटत होतं. तेव्हा दाट कारवीत पुढे एक जण आणि मागे एक जण ठेवावा. मागच्याने पुढच्याला "डावीकडे", "उजवीकडे" ओरडून रेषेत ठेवायचं.

आता आकाश. सूर्य पूर्वेला उगवतो हे शाळेतलं वाक्य अर्धंच आहे. हात समोर ताठ धरून मूठ आवळलीस तर मुठीची रुंदी आकाशात सुमारे दहा अंश भरते. हे माप आयुष्यभर जवळ राहतं. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य नेमक्या पूर्वेच्या अडीच मुठी दक्षिणेला उगवतो, जूनमध्ये अडीच मुठी उत्तरेला. एवढी चूक दोन-तीन किलोमीटरांत तुला भलत्या सोंडेवर नेऊन सोडते. नेमकी दिशा हवी तर सावली. जमिनीत काठी उभी रोव. आपल्या जुन्नर भागात सूर्य माथ्यावर यायला घड्याळात साडेबारा-पाऊण होतो, कारण घड्याळ आपल्यापेक्षा बऱ्याच पूर्वेच्या रेखांशाचं आहे. त्या सुमाराला सावली सगळ्यात आखूड होते आणि डिसेंबरात बरोबर उत्तरेला पडते, जवळजवळ काठीइतकीच लांब. पण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य आपल्या उत्तरेला गेलेला असतो आणि दुपारची सावली दक्षिणेला पडते. घड्याळाचा काटा सूर्याकडे धरून दक्षिण काढायची युक्ती थंड देशांतली. आपल्याकडे तिचा भरवसा धरू नकोस. झाडाच्या उत्तर अंगाला शेवाळ असतं, हेही तिकडचंच. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. घाटाच्या धारेवरची एकांडी झाडं बघ, ती पूर्वेकडे, देशाकडे झुकलेली असतात.

रात्री ध्रुव. हरिश्चंद्रगड एकोणीस अंश अक्षांशाच्या थोडा वर आहे, म्हणून ध्रुव तिथे क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर असतो. लोक उगाच डोकं वर करून शोधतात. डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी नसतात. तेव्हा उत्तरेला शर्मिष्ठेचा एम शोध, त्याचं मधलं टोक साधारण ध्रुवाच्या रोखाने असतं. मध्यरात्र उलटल्यावर ईशान्येला सप्तर्षी वर येतात. त्यांतल्या पुलह आणि क्रतु यांना जोडणारी रेषा क्रतुच्या पुढे पाचपट वाढव, की ध्रुव. उत्तर डोंगराआड असेल तर मृगाचा बाण बघ. त्या तीन ताऱ्यांपैकी सगळ्यात आधी उगवणारा जवळजवळ नेमक्या पूर्वेला उगवतो आणि नेमक्या पश्चिमेला मावळतो, वर्षभर. पुढे व्याध दक्षिणेला उंच आला की त्याच्या खाली, क्षितिजापासून दोन मुठींच्या आत, अगस्त्य चमकतो. ती दक्षिण. चंद्राचं तर तुझ्या आईला विचार: संकष्टीला उपास सोडायला ती कुठल्या खिडकीत आणि किती वाजता उभी राहते? पौर्णिमेचा चंद्र दिवस मावळताना पूर्वेला उगवतो, मग रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा. तिथी माहीत असली की चंद्र घड्याळही होतो आणि होकायंत्रही.

दिवस किती उरलाय हेही मुठीने मोजायचं. मावळतीचा सूर्य क्षितिजापासून एक मूठ वर असेल तर पाऊण तास उरला. काही पुस्तकांत एका बोटाला पंधरा मिनिटं लिहिलेली असतात. ती आपल्याकडे धरलीस तर अंधारात सापडशील, कारण इथे सूर्य तिरका न जाता जवळजवळ सरळ खाली बुडतो. बुडाल्यावरही वीस-पंचवीस मिनिटांत डोळ्यांना वाट दिसेनाशी होते. दोन मुठी सूर्य उरला असताना तू नक्की वाटेवर नसशील, तर त्या दिवशीचं चालणं तिथे थांबव आणि मुक्कामाची जागा बघ.

चालण्याचा हिशेब: विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये सांगितलेला नियम अजून वापरतात. पाच किलोमीटरला एक तास, आणि सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. तुम्ही नवखे सहा जण, त्यावर निम्मा वेळ वाढवून धरा. ठरलेल्या वेळी ठरलेली जागा आली नाही तर वाट चुकल्याची ती पहिली खूण असते, आणि नेमकी तीच खूण सगळे "येईल आता पुढे" म्हणत ओलांडून जातात.

नकाशा भारतीय सर्वेक्षण विभागाचा घ्या, दोन सेंटीमीटरला एक किलोमीटरवाला. त्यात समोच्च रेषा वीस-वीस मीटरांनी असतात, म्हणजे पंधरा मीटरचा कडा त्या दोन रेषांच्या मधे लपून बसू शकतो. होकायंत्र असेल तर कातळावर ठेवून वाचू नका, आपल्या दगडात लोहखनिज आहे, हातात धरा. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, तेव्हा पुस्तकातली बेरीज-वजाबाकी सोडून द्या.

आणि इतकं करूनही चुकलात तर? बसा. खरोखर जमिनीवर बसा, पाणी प्या, काहीतरी खा. घाबरलेलं माणूस भराभर चालतं आणि दर पावलाला जास्त हरवतं. मग आठवा, शेवटची नक्की जागा कुठली? नाव दिलेली असेल तर आठवेल. तिथवर परत जा. कितीही चढ असला तरी परत. शोधायला म्हणून दोघे इकडे, दोघे तिकडे असं कधीही करू नका. एका चुकामुकीच्या दोन होतात. परत जाता येत नसेल तर हलू नका. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी. मिनिटाला सहा फुंकी, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. कान द्या: कोंबडा, कुत्रा, गुरांच्या गळ्यातल्या घंटा. संध्याकाळी गुरं दिसली तर ती घरी चाललेली असतात, त्यांच्या मागे जा. आणि जिवावर बेतलंच तर पिशवीच्या तळाचा मोबाईल काढून 112 लावा. तो तळाशी असावा एवढंच तुमचं ठरलंय, नसावा असं नाही. मला त्यात कमीपणा वाटत नाही. निघण्याआधी पायथ्याच्या गावात एका घरी सांगून जा, किती जण, कुठल्या वाटेने, कधी परतणार. आणि परतलात की तिथे सांगायला विसरू नका, नाहीतर तो माणूस रात्री कंदील घेऊन रानात निघतो.

हे सगळं एकदम गडावर करायला जाऊ नकोस. पुण्यात वेताळ टेकडी आहे. दर रविवारी एका नव्या बाजूने चढ, मागे बघत, नावं देत. घरी आल्यावर आठवणीने कागदावर वाट काढ, आणि पुढच्या रविवारी तो कागद हातात घेऊन पुन्हा जा. पहिला कागद चुकेल. चौथा-पाचवा बरोबर यायला लागतो, माझ्या विद्यार्थ्यांचा तसाच यायचा.

आणखी एक, आणि हे नातीबरोबरच वाचणाऱ्या सगळ्यांना. मामा आता नाहीत. त्यांच्या वाडीपासून घाटाच्या तोंडापर्यंत ते मला चाळीसेक जागांची नावं सांगायचे, त्यातली मी एकोणीस लिहून ठेवली. उरलेली त्यांच्या मुलालाही ठाऊक नाहीत, तो कल्याणला कामाला असतो. घाटमाथ्यावरच्या आणि पायथ्याच्या वाड्यांत अशी नावं जाणणारी माणसं अजून आहेत, बहुतेक सत्तरीच्या पुढची. गडावर जाल तेव्हा एक दिवस त्यांच्यासाठी ठेवा. त्यांना किंवा त्यांनी सांगितलेल्या माणसाला वाटाड्या म्हणून बरोबर घ्या, दिवसाची मजुरी आधी ठरवून पुरती द्या, आणि चालताना एक वही हातात असू द्या. ते सांगतील त्या जागेचं नाव तिथेच उभं राहून लिहा, आणि उतरल्यावर त्यांना ती यादी वाचून दाखवा.